न रडणारी बाहुली

बाहुलीचे वजन तीन किलो दोनशे ग्रॅम भरले, आणि ती रडली नाही.

बाणेरच्या त्या काचेच्या खोलीत सहा माणसे टेबलाभोवती उभी होती. त्यांतल्या एका तरुणीने बाहुली काट्यावर ठेवली, टेबलावरच्या फोनमध्ये आकडा भरला, ‘पुढे’ असे लिहिलेले हिरवे बटण दाबले आणि विजयी मुद्रेने मागे पाहिले.

“एकोणीस सेकंद!” कोणीतरी घड्याळ थांबवून ओरडले. टाळ्या पडल्या.

“अकरा माणसं, अकरा चाचण्या, चुका शून्य,” सौमित्र टिळेकर माझ्याकडे वळून म्हणाला. “आणि हे सगळं तुमच्याच पद्धतीनं, मॅडम. मध्ये मदत करायची नाही, सुचवायचं नाही, नुसतं बघत बसायचं.”

सौमित्र माझा विद्यार्थी. माणसे यंत्रांशी कशी झगडतात, या विषयाचे अध्यापन मी विद्यापीठात सव्वीस वर्षे केले. ज्या दोन-चार विद्यार्थ्यांनी माझे टिपण परीक्षेनंतरही जपून ठेवले, त्यांत तो होता. आता तो या कंपनीत एका ॲपचा प्रमुख होता. अंगणवाडी सेविकांनी दरमहा मुलांची वजने घ्यायची आणि ती वहीऐवजी थेट फोनवर नोंदवायची, यासाठी ते ॲप होते. दोन जिल्ह्यांत ते चालू होते. आणखी नऊ जिल्ह्यांचे काम मिळण्याच्या बेतात होते.

“ही अकरा माणसं कोण?” मी विचारले.

“आमचीच. दोघी मनुष्यबळ विभागातल्या, चौघं हिशोबातली, बाकीची इकडची तिकडची. मुद्दाम तांत्रिक नसलेली घेतली.”

“आणि या बाई?” मी बाहुलीकडे बोट केले.

तो हसला. “खरं मूल ऑफिसात कुठून आणणार, मॅडम? विमा, परवानग्या, शी-शू.”

“शी-शू,” मी म्हटले. माझ्या वहीत मी तो शब्द लिहून घेतला. त्या दिवशी त्या खोलीत उच्चारला गेलेला तो एकमेव शास्त्रीय शब्द होता.

मग, ज्यासाठी मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावले होते, ती फाइल त्याने पुढे केली. आत माझ्याच नावाचा अहवाल टाइप करून तयार होता. सही तेवढी उरली होती. सोबत एक्केचाळीस सेविकांची यादी. या बायकांच्या नोंदींत मुलांची वजने तीन-तीन महिने ग्रॅमचाही फरक न पडता तीच होती. अर्थ उघड होता, असे कंपनीने कळवले होते: सेविका वजन करतच नाहीत, मागचा आकडा ठेवून ‘पुढे’ दाबतात. पहिली सुनावणी शुक्रवारी, रखमा भोये, मुक्काम सादडपाडा. अठरा वर्षे सेवा. आरोप सिद्ध झाल्यास मानधनी सेवा समाप्त.

“हिचीच का पहिली?”

“कारण हिची केस सरळ आहे.” त्याने दोन कागद काढले. “जागृती नावाची मुलगी. दहा तारखेला हिनं ॲपमध्ये वजन भरलं आठ किलो चारशे. मागच्या महिन्यातलंच. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर वजन आहे सात किलो आठशे. सहाशे ग्रॅमची थाप! मॅडम, पोर तीव्र कुपोषणात जात होतं आणि बाईनं बटण दाबून ठेवलं.”

मी केसपेपर हातात घेतला. “मुलीला रुग्णालयात कोणी आणलं?”

“म्हणजे?”

“इथं लिहिलंय. ‘सोबत: अं. सेविका.’ सौमित्र, जी बाई दुपारी थाप मारते, ती त्याच दुपारी स्वतःच्या थापेविरुद्ध पुरावा काखेत घेऊन बारा किलोमीटर कशाला जाईल?”

तो म्हणाला, “मानवी चूक.”

हा शब्दप्रयोग मला चांगला परिचित आहे. यंत्राची चूक कधीच नसते. ती नेहमी मानवाची असते, आणि मानवांतही ज्याचे मानधन सर्वांत कमी, त्याची. मी अहवाल मिटला.

“सही शुक्रवारी करीन,” मी म्हटले. “सुनावणीला येईन. पण त्याआधी एकदा बाहुली न वापरता बघते.”

*

सादडपाडा घाटाच्या पलीकडे होता. तो वजनाचा ठरलेला दिवस नव्हता; पण प्रकल्प कार्यालयाने माझ्यासाठी बुधवारी वजने घ्यायला सांगितले होते. अंगणवाडीच्या वाशाला झोळीचा काटा टांगला होता आणि बाहेर ओट्यावर आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. रखमाबाई पंचेचाळिशीच्या, बुटक्या, नाकावर कोरा करकरीत चष्मा.

“खुर्ची एकच आहे, मॅडम, ती तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या. “मदतनीस दोन वर्षं झाली, नाही. मला तर बसायला सापडतच नाही.”

“मी कोपऱ्यात बसते. तुम्ही रोजच्यासारखं करा. मी काही बोलणार नाही.”

“बोलणार नाही? मग पुण्यावरून कशाला आलात एवढ्या लांब?” ओट्यावर हशा पिकला.

पहिले मूल झोळीत गेले आणि त्याने आढ्याला भोक पडेल असा सूर लावला. रखमाबाईंचा एक हात झोळीखाली, नजर काट्यावर. काटा थरथरत होता. तो क्षणभर स्थिर होताच त्यांनी दुसऱ्या हाताने कमरेचा फोन काढला, अंगठ्याने आकडा भरला. एवढ्यात पोराने पाय झाडले, झोळी फिरली, फोन पुन्हा कमरेला गेला. पोर उतरवले, आईकडे दिले. आणि मग ते घडले, ज्यासाठी मी तिथवर गेले होते हे तोवर मलाही ठाऊक नव्हते. रखमाबाईंनी कानामागचे निळे बॉलपेन काढले आणि पोराच्या कोवळ्या दंडाखाली, मनगटाच्या वर, आकडा लिहिला: ९.६.

“झालं गोंदून!” त्या म्हणाल्या. रडणे थांबले. पोर हाताकडे पाहू लागले.

“मला गोंद! मला!” ओट्यावरून दोन-तीन आवाज आले.

त्यानंतर त्यांनी फोन पुन्हा काढला. पडदा काळा पडला होता. बोट फिरवून तो उजळवला, हिरवे ‘पुढे’ दाबले, आणि दुसरे मूल घेतले.

बोलणार नाही, असे मी म्हटले होते. नऊ मुले होईपर्यंत मी तो शब्द पाळला, आणि आयुष्यात इतके जड मौन मी क्वचितच पाळले असेल. नववे मूल झाल्यावर मात्र विचारले, “रखमाबाई, पहिल्या पोराचं वजन काय भरलंत?”

“नऊ सहाशे. हे काय, हातावर आहे ना.”

“फोनमध्ये बघा.”

त्यांनी नाव शोधले. चष्मा वर केला, खाली केला. फोनमध्ये नऊ किलो दोनशे होते.

त्यांचा चेहरा पडला. “बघा. असंच होतंय. मी टाकलं होतं, मॅडम, आईशप्पथ टाकलं होतं. साहेब म्हणाले, तुझं लक्ष नसतं. मला वाटलं, डोळेच गेले माझे. म्हणून तालुक्याला जाऊन हा चष्मा करून आणला.”

“नंबर निघाला?”

“डॉक्टर म्हणाला, थोडाच आहे. मी म्हटलं, थोडा तर थोडा, द्या.”

ज्या बाईला माझ्या शास्त्राने चष्मा लावायला लावला, तिच्यासमोर मी त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले होते. मी उठले.

“हे हातावर लिहिणं कधीपासून?”

“पहिल्यापासून. मदतनीस होती तेव्हा ती वहीत उतरवायची. आता सगळी पोरं झाली की मी एकेकाचा हात बघून वहीत लिहिते. आयांनाही बरं पडतं, घरी नेऊन सासूला दाखवतात. दोन दिवस तरी पोराला कोणी कमी खायला घालत नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “पण आता वही बंद करायला सांगितली ना. हातावर लिहिलेलंपण चालत नाही, थेट फोनमध्येच टाकायचं, असा कागद आलाय. तुम्ही साहेबांना सांगू नका.”

“जागृतीचा आकडा कुठं पाहिलात?”

“हातावरच,” बाजूच्या बाईने उत्तर दिले. ती जागृतीची आई, यमुना. तिच्या मांडीवरची मुलगी अजून गुटगुटीत झाली नव्हती, पण भाकरीचा तुकडा चावत होती. “सात आठशे गोंदलं आणि ताईनं तिथंच काटा सोडला. म्हणाली, उठ, दवाखान्यात चल.”

मी त्यांच्या परवानगीने फोन मागून घेतला आणि ओट्यावर बसून तीच कृती वीस वेळा केली. आकडा भरायचा, तीस सेकंद थांबायचे. बॅटरी वाचावी म्हणून सेविकांच्या फोनचे पडदे तीस सेकंदांत मावळतील असे करून दिले होते. पडदा उजळला की ॲप ते पान नव्याने मांडी, आणि मोकळ्या चौकटीत आपण होऊन मागच्या महिन्याचे वजन ठेवी. वापरणाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून. भरलेला आकडा गेलेला, आणि त्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा. बाणेरच्या टेबलावर सगळे एकोणीस सेकंदांत उरकत होते. पडदा मावळायला बाहुलीने वेळच दिला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. वीसच्या वीस वेळा घडणारा दोष हे आमच्या व्यवसायातले घबाड असते. पण ‘मागचे वजन आपण होऊन भरलेले असावे’ ही कल्पना मला ओळखीची वाटत होती, एखादा नातेवाईक चुकीच्या ठिकाणी दिसावा तशी. परतीच्या प्रवासात मी तिचा चेहरा आठवत राहिले. घरी पोहोचल्यावर कपाटातून एक जुने टिपण काढले, सतरावे पान वाचले, आणि ते पिशवीत ठेवले.

*

शुक्रवारी प्रकल्प अधिकारी निकुंभ साहेब टेबलामागे बसले होते आणि समोर सौमित्र लॅपटॉप उघडून. रखमाबाई उभ्या. मी गेले तेव्हा माझ्यामागून काळी-पिवळी जीपमधून उतरलेल्या सहा बायका सहा पोरांसह आत आल्या.

“अहो, ही सुनावणी आहे की जत्रा?” निकुंभ म्हणाले.

“साक्षीदार आहेत,” मी म्हटले. “फार लहान आहेत, पण खोटं बोलायचं वय अजून झालेलं नाही. साहेब, कंपनीचं म्हणणं, ॲप निर्दोष आहे आणि बाई खोटारडी. ते पाच मिनिटांत ठरेल. यांच्या प्रमुखांनी या सहा मुलांची वजनं घ्यावीत. फोन रखमाबाईंचा, पण नोंद त्यांच्या स्वतःच्या नावानं. काट्यावरचा आकडा तुम्ही स्वतः वाचा.”

सौमित्र हसला. त्याच्या हसण्यात तिरस्कार नव्हता. आत्मविश्वास होता, आणि तोच अधिक घातक. “आनंदानं, मॅडम.” त्याने बाह्या सरसावल्या. बंद पंख्याच्या हुकाला काटा टांगला गेला.

पहिले पोर त्याने झोळीत घातले तेव्हा ते उलटे बसले.

“अहो दादा, तोंड इकडं!” यमुना ओरडली. “पोर आहे, बटाट्याचं पोतं नाही!”

“नऊ सहाशे,” निकुंभ मान वर करून म्हणाले. रखमाबाईंनी पेन काढले, मनाईच्या कागदाची आठवण होऊन साहेबांकडे पाहिले. “लिहा, लिहा,” ते म्हणाले. त्यांनी हातावर लिहिले.

सौमित्रने आकडा भरला. पोराने त्याची कॉलर ओढली. ती सोडवेपर्यंत पोराच्या लाथेने फोन उडाला. तो उचलून खिशात घालून त्याने पोर उतरवले, कपाळाचा घाम पुसला, फोन काढून पडदा उजळवला आणि ‘पुढे’ दाबले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या मुलीने झोळीतच कार्यक्रम उरकला.

“शी-शू,” मी म्हटले. तेवढा एकच शब्द मी मध्ये बोलले, आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

सहा मुले व्हायला सव्वीस मिनिटे लागली. सौमित्रच्या शर्टाचे एक बटण गेले होते. “झालं,” तो धापा टाकत म्हणाला. “सहाच्या सहा बरोबर भरलीत.”

“वाचा, साहेब,” मी निकुंभांना म्हटले.

निकुंभांनी फोन घेतला. एकेका पोराला जवळ बोलावून त्याचा हात धरला. “हातावर नऊ सहाशे. मी स्वतः वाचलेलं. फोनमध्ये... नऊ दोनशे?” दुसरे. “अकरा शंभर. फोनमध्ये दहा नऊशे.” तिसरे बरोबर निघाले, चौथे चूक, पाचवे बरोबर, सहावे चूक. निकुंभांनी फोन टेबलावर ठेवला आणि ते सौमित्रकडे वळले.

“टिळेकर, सहातल्या चार नोंदी बनावट, तुमच्या नावावर. आता नोटीस कुणाला काढू?”

“साहेब, यांनापण चष्मा लागला असंल!” रखमाबाई म्हणाल्या, आणि सहाही आया बांध फुटल्यासारख्या हसल्या. निकुंभांनी तोंडावर रुमाल धरला.

सौमित्र हसला नाही. त्याने फोन उचलला, आकडा भरला, पडदा मावळू दिला, उजळवला. पुन्हा केले. तिसऱ्यांदा केल्यावर तो माझ्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, हे मागचं वजन आपण होऊन भरायचं... ही कल्पना माझी नाही. तुमच्या टिपणात आहे. ‘यंत्राला जे आधीच ठाऊक आहे, ते माणसाकडून पुन्हा लिहून घेऊ नये.’ मी शब्दशः घेतलं होतं.”

“ठाऊक आहे,” मी म्हटले. पिशवीतून टिपण काढून मी निकुंभांच्या टेबलावर उघडले. “सतरावं पान, साहेब. इतिवृत्तात लिहून घ्या. दोष ॲपचा, आणि त्या दोषाचं मूळ माझं वाक्य. मी ते कार्यालयातल्या कारकुनांकडे बघून लिहिलं होतं; त्यांच्या हातात टांगलेलं मूल नसतं. ते वाक्य मी वीस वर्षं शिकवलं, आणि एकदाही कोणाच्या ओट्यावर जाऊन तपासलं नाही. यानं निदान बाहुली तरी घेतली. मी तीही घेतली नव्हती.”

निकुंभांनी टिपणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. सरकारी नोकरीत इतक्या वर्षांत स्वतःहून दोष मागून घेणारा माणूस त्यांच्यासमोर बहुधा प्रथमच आला असावा. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे त्यांना कळेना.

“नोटीस रद्द,” ते शेवटी म्हणाले. “एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. भोयेबाई, खाली बसा. अहो, कुणीतरी यांना खुर्ची द्या!”

मी माझी दिली.

*

या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. नऊ जिल्ह्यांचे काम तेव्हा थांबले, आणि सौमित्रला कंपनीत जे ऐकून घ्यावे लागले ते त्याने मला कधी सांगितले नाही. पण पुढच्या बुधवारी तो सादडपाड्याच्या ओट्यावर हजर होता. बाहुली न घेता.

सहा महिने तो येत राहिला. दर वेळी नवी आवृत्ती आणायची, कोपऱ्यात बसायचे, गप्प राहायचे. परीक्षक एकच. दुसरी आवृत्ती रखमाबाईंनी तीन मुलांनंतर परत केली: “बटणं मोठी केलीत, पण माझा अंगठा एकच आहे, दादा.” तिसरीत मुले नावाच्या आद्याक्षराने लावली होती. “मी पाड्यात घराच्या ओळीनं फिरते. तुमचा ‘अ’ नदीच्या अल्याड राहतो आणि ‘आ’ पल्याड.” चौथी त्यांना आवडली होती, पण आयांना नाही, तिच्यात वजन लाल रेषेच्या खाली, म्हणजे कुपोषणात, गेले की फोन मोठ्याने टुणटुणे आणि सगळा ओटा त्या आईकडे पाहू लागे. पाचवी सौमित्रने स्वतःच परत नेली. सहावीवर रखमाबाई म्हणाल्या, “जवळ आलंय. पण अजून पोर झोळीत असताना फोन मागता. पोर झोळीत असताना मी कुणाचीच नाही.”

सातवी आवृत्ती उघडली की फोन काहीच मागत नसे. वजने घ्यायची, हातांवर लिहायची. सगळी मुले झाली की सेविकेने खाली बसायचे, पोरांना घराच्या ओळीने समोर उभे करायचे आणि हातांवरून आकडे उतरवायचे. मागचे वजन चौकटीत नसे. नवा आकडा भरून झाल्यावर ते शेजारी येई, म्हणजे घसरण लगेच डोळ्यांत भरे. हातावर लिहिण्याची मनाई करणारे परिपत्रक निकुंभांनी मागे घेतले. अठरा वर्षांपूर्वी बॉलपेनने सुरू झालेली पद्धत आता ॲपमध्ये ‘नवे वैशिष्ट्य’ म्हणून नोंदवली गेली, यातला विनोद सौमित्रला कळला, हे माझ्या अध्यापनाचे फलित.

त्या दिवशी तेवीस मुलांची तेवीस वजने बरोबर उतरली. रखमाबाईंनी फोन बंद केला, नवा चष्मा काढून पदराला पुसला आणि डबीत घालून ठेवून दिला.

“पास,” त्या म्हणाल्या.

सौमित्र ओट्यावरून उडी मारून उभा राहिला. पोरांनी कारण नसताना टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बाणेरच्या टाळ्यांहून मोठ्या होत्या, आणि त्यांच्या मागे सहा महिन्यांचे रडणे होते.

जागृती तेव्हा चालू लागली होती. ती हात पुढे नाचवत माझ्यापाशी आली, हातावर १०.३ होते. मग माझ्या मोकळ्या हाताकडे बोट करून तिने रखमाबाईंकडे पाहिले.

“मॅडमना गोंदायचं राहिलं, म्हणते,” यमुना म्हणाली.

मी बाही वर केली आणि हात पुढे केला.

“काय लिहू?” रखमाबाईंनी पेन काढले. “तुमचं वजन तर घेतलं नाही. झोळी तुटंल.”

“सतरा लिहा.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. सुनावणीच्या खोलीत त्या होत्या, सतरावे पान त्यांनी ऐकले होते. काही न विचारता त्यांनी माझ्या मनगटाच्या वर, शिरा जिथे निळ्याच दिसतात तिथे, सावकाश आणि ठळक आकडा काढला. मग एक पाऊल मागे जाऊन, ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“सतरा किलो! अगं यमुना, मॅडम तर लाल रेषेच्या खाली गेल्या. चला, पहिली खिचडी यांना वाढा!”